250 युरो, चार दिवस आणि घरी न सांगितलेली सहल

जर्मनीत मास्टर्स करणाऱ्या 25 वर्षांच्या एका मुलीचं पत्र आलं आहे. गाव पश्चिम महाराष्ट्रातलं, शिक्षणासाठी 20 लाखांचं कर्ज, वडील सहकर्जदार. एका बेकरीत काम करून तिने 250 युरो बाजूला टाकलेत. वर्गातल्या तिघांनी मार्चच्या शेवटी चार दिवसांत विल्निअस (लिथुआनिया), रीगा (लॅटव्हिया) आणि टॅलिन (एस्टोनिया) अशा तिन्ही बाल्टिक राजधान्या करायचं ठरवलं आहे. गुरुवारी दुपारी विल्निअस, शुक्रवारी संध्याकाळच्या बसने रीगा, शनिवारी संध्याकाळच्या बसने टॅलिन आणि रविवारी रात्री परत. विमानाचं तिकीट स्वस्त मिळतंय. तिला जायचंय, पण वडील फोनवर कधीमधी म्हणतात, "शिकायला गेलीस की फिरायला?" धाकट्या भावाच्या क्लासची फीही भरायची आहे. खोलीतली मैत्रीण म्हणते, रीगात आहे काय, त्यापेक्षा पैसे साठवून पॅरिसला जा. मुलगी अंडं खाते, मांस-मासे खात नाही. घरी न सांगता जावं आणि फोटो कुठेच टाकू नयेत असं तिच्या मनात आहे. तिचे प्रश्न दोन: एवढ्या पैशात तीन शहरं कशी बसवू, आणि मुळात जाणं चूक आहे का?

प्रिय मैत्रिणी,

तुझं जवळजवळ सगळं पत्र वेळापत्रकाने भरलेलं आहे आणि "जाणं चूक आहे का" हे तू शेवटच्या ओळीत विचारलंस. मला तोच खरा प्रश्न वाटतो, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

आधी आकडे मांडू. 20 लाखांवर दहा टक्क्यांनी वर्षाचं व्याज 2 लाख, म्हणजे महिन्याचे साधारण 16-17 हजार. तुझे 250 युरो सध्याच्या दराने 25 हजारांच्या आसपास जातात, म्हणजे दीड महिन्याचं व्याज. ही रक्कम किरकोळ आहे असं मी म्हणणार नाही, तुझ्या घरी तर ती किरकोळ नाहीच. पण हे पैसे घरी पाठवलेस तर कर्जाचा डोंगर हलणार नाही, आणि वापरलेस तर कुणी रस्त्यावर येणार नाही. दोन्ही बाजूंनी हे पैसे तुला वाटतात त्यापेक्षा लहान आहेत. तुझ्या मनात मात्र ते कर्जाएवढेच मोठे होऊन बसलेत.

एक गोष्ट तू ओझरती लिहून पुढे गेलीस: भावाची फी. घरून कुणी तुझ्याकडे ते पैसे मागितलेत का? मागितले असतील तर आधी ते पाठव आणि सहल सप्टेंबर-ऑक्टोबरवर ढकल. स्वस्त तिकिटं तेव्हाही निघतात आणि रीगा कुठे पळून जात नाही. मागितले नसतील, तर तू न मागितलेल्या पैशाचं ओझं डोक्यावर घेऊन फिरते आहेस. तुला आई-बाबांना मदत करायची आहे हे पत्राच्या ओळीओळीत दिसतं, पण ती मदत तू नोकरीला लागल्यावर हप्त्यांच्या रूपाने होणार आहे आणि ती खूप मोठी असणार आहे.

दुसरी गोष्ट तपासून घे: उन्हाळी सेमिस्टरची फी भरून झाली आहे ना? एप्रिलचं भाडं आणि विम्याचा हप्ता बाजूला आहे ना? व्हिसासाठी आधीच भरून ठेवलेल्या ब्लॉक्ड अकाउंटमधून दर महिन्याला जे पैसे सुटतात ते राहण्या-खाण्याचे आहेत, त्यातला एक युरोही या सहलीत जाता कामा नये. सहल बेकरीतल्या पैशातच व्हायला हवी, आणि त्यातलेही 50-60 युरो परत यायला हवेत. हे जमत असेल तर जाणं चूक नाही. दिवसभर लेक्चर, संध्याकाळी काम, हिवाळ्यात चार वाजता अंधार, असं सहा महिने काढलेल्या मुलीने चार दिवस बाहेर पडावं असं मला मनापासून वाटतं.

लपवून जाण्याचं मात्र मला पटलेलं नाही. वडिलांच्या "शिकायला गेलीस की फिरायला" या वाक्यात तुला आरोप ऐकू येतो. मला त्यात वेगळंच ऐकू येतं. आपल्याकडच्या वर्तमानपत्रात युरोप सहलीच्या पानभर जाहिराती येतात आणि त्यांतले आकडे लाखांत असतात. तुझ्या बाबांच्या डोळ्यांसमोर युरोप फिरणं म्हणजे तो आकडा आहे. चाळीस-पन्नास युरोंत विमानाने जाऊन येता येतं, वीस युरोंत रात्रीची झोपायची सोय होते, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नाही. तूही नाही. त्यांनी धरलेला आकडा चुकीचा आहे आणि तू तो दुरुस्त करण्याऐवजी सहलच लपवायला निघालीस.

लपवण्याचे तोटेही आहेत. परक्या देशात पाय मुरगळला, फोन हरवला, विमान रद्द झालं, तर घरी कुणालाच तू कुठे आहेस हे माहीत नसेल. आणि फोटो तू टाकले नाहीस तरी बाकीचे तिघं टाकणारच. ओळखीतल्या कुणाकडून बाबांना कळलं तर त्यांना 200 युरोंचं दुःख होणार नाही, लेकीने सांगितलं नाही याचं होईल.

एवढा साधा मेसेज पुरे आहे: "बाबा, सेमिस्टरची फी भरली, भाडं भरलं. बेकरीच्या कामातून साठवलेल्या पैशातून मार्चच्या शेवटी तीन रात्री रीगाला जाऊन येते. सगळं मिळून 200 युरोंच्या आत, म्हणजे 20 हजार रुपये. परीक्षा झाल्या आहेत. राहण्याचा पत्ता पाठवते." परवानगी मागण्याचा सूर नको आणि भांडणाचाही नको. ते दोन दिवस गप्प बसतील कदाचित. बसू देत. ज्या मुलीने स्वतःहून पैन् पैचा हिशोब सांगितला तिच्यावर फार काळ कुणी रागावत नाही.

आता त्या वेळापत्रकाकडे वळू, कारण तेही मला पटलेलं नाही.

विल्निअस ते रीगा बसने साधारण चार तास, रीगा ते टॅलिन साडेचार. कागदावर हे सहज बसतं. पण बसस्टँडवर आधी पोहोचायचं, उतरल्यावर अंधारात हॉस्टेल शोधायचं, सकाळी पुन्हा बॅग भरायची, ती दिवसभर ठेवायला लॉकर शोधायचा, हे धरलं तर प्रत्येक बसमागे अर्धा दिवस जातो. तुमच्या आराखड्यात रीगाच्या वाट्याला फक्त शनिवारचा दिवस येतो, तोही संध्याकाळची बस डोक्यात ठेवून. विल्निअसला गुरुवार दुपार ते शुक्रवार संध्याकाळ, आणि टॅलिनला रविवार, जो विमानतळाच्या घाईतच सुरू होईल.

"एवढ्या लांब जातोय तर तिन्ही करून टाकू" हा विचार भारतातून निघणाऱ्या सहलींतून आलेला आहे. तिथे व्हिसा आणि विमानाचा मोठा खर्च एकदाच करायचा असतो, म्हणून दहा दिवसांत पाच-सहा देश कोंबतात आणि लोकही ते समजून घेतात. तू भारतातून निघालेली नाहीस. तू दोन वर्षं जर्मनीत राहणार आहेस, बाल्टिक देश तुझ्यापासून दोन तासांच्या विमानावर आहेत. विल्निअस पुढच्या वर्षीही होईल. तुझ्याकडे पैसा कमी आहे हे खरं, पण या चार दिवसांत त्याहून कमी तुझ्याकडे वेळ आहे, आणि तिघं मिळून तो बसच्या खिडकीत खर्च करायला निघालेत.

म्हणून माझा सल्ला असा: एकच शहर निवड, आणि तिन्हींतलं रीगा निवड. तिन्ही राजधान्यांची जुनी शहरं युनेस्कोच्या यादीत आहेत आणि तिन्ही बघण्यासारखी आहेत, त्यामुळे तुला नेमकं विल्निअसचंच तिकीट स्वस्त मिळालं तर खुशाल विल्निअसला तीन रात्री राहा. पण निवड हातात असेल तर रीगा मला अशा सहलीसाठी सगळ्यात सोयीचं वाटतं. विमानतळ शहरापासून दहा किलोमीटरवर आहे आणि 22 नंबरची साधी सिटी बस अर्ध्या तासात मध्यभागी सोडते. पायी फिरता येईल असं शहर आहे. समुद्र लोकल गाडीने अर्ध्या तासावर. टॅलिनपेक्षा खर्चही थोडा कमी येतो.

आणि "रीगात आहे काय" याचं उत्तर तुझ्या मैत्रिणीला द्यायलाच हवं.

गुरुवारी दुपारी पोहोचलीस की सामान टाकून सेंट्रल मार्केटला जा. बसस्टँडला लागूनच पाच प्रचंड कमानदार शेड दिसतील. त्यांचे लोखंडी सांगाडे जर्मनांच्या झेपेलिन हवाईजहाजांच्या हँगरचे आहेत. पहिल्या महायुद्धानंतर ते रिकामे पडले होते, शहराने ते घेतले आणि 1930 साली त्यांत बाजार उघडला. आजही गावातले लोक तिथेच भाजी घेतात. मासळीच्या शेडमधून तुला नाक मुठीत धरून जावं लागेल, पण भाजी-लोणच्यांच्या शेडमध्ये रेंगाळ. आंबवलेला कोबी पांढरा, गाजर घातलेला, बीट घालून गुलाबी केलेला, असा ढिगाने मांडलेला असतो. शेजारी मिठाच्या पाण्यातल्या काकड्या, अख्खे लसणाचे गड्डे. विकणाऱ्या बायका बहुतेक वयस्कर. तू थांबून बघत राहिलीस तर एखादी चिमट्याने थोडासा कोबी उचलून पुढे करते आणि तू चावून होईपर्यंत तुझ्या चेहऱ्याकडे बघत राहते. "पाल्दिएस" म्हण, म्हणजे आभार. एवढा एक शब्द पाठ करून गेलीस तरी पुष्कळ. पुढच्या शेडमधून राय धान्याचा काळा पाव घे. त्यात शहाजिरं असतं, चव आंबटगोड असते आणि अर्धा पाव चार दिवस पुरतो. बाजार संध्याकाळी लवकर आवरतो, रविवारी आणखी लवकर, म्हणून हे आधीच उरकून घे. गर्दीत पर्स पुढे ठेव.

शुक्रवारी सकाळी जुन्या शहरात शिर. रीगाची स्थापना 1201 सालची, बिशप आल्बेर्टने केलेली, पुढे हे हान्झा व्यापारी संघाचं बंदर झालं. मुख्य चौकातली ब्लॅकहेड्स या जुन्या व्यापारी संघटनेची लाल नक्षीदार इमारत सगळ्या पोस्टकार्डांवर असते. ती 1941 च्या युद्धात उद्ध्वस्त झाली, उरलेले अवशेष 1948 मध्ये सोव्हिएत राजवटीने पाडले आणि आज दिसते ती 1999 मध्ये पुन्हा उभी राहिलेली. बाहेरूनच बघितलीस तरी चालेल. त्याच चौकात लॅटव्हियावरच्या ताब्याचं संग्रहालय आहे: आधी सोव्हिएत, मग नाझी, मग पुन्हा सोव्हिएत, 1940 ते 1991. पैसे खर्चून एकच संग्रहालय बघायचं असेल तर हे बघ. जवळच क्रामू रस्त्यावर बॅरिकेड्सचं छोटं संग्रहालय आहे. जानेवारी 1991 मध्ये सोव्हिएत फौजा चालून येतील या भीतीने खेड्यापाड्यांतून लोक ट्रॅक्टर, ट्रक, लाकडाचे ओंडके घेऊन रीगात आले, रस्ते अडवले आणि कडाक्याच्या थंडीत शेकोट्या पेटवून बसून राहिले. ते तिथे पाहायला मिळतं.

तिथून चालत स्वातंत्र्यस्मारकापाशी जा. 42 मीटर उंच स्तंभ, वर तीन तारे उचलून धरलेली स्त्री, मूर्तिकार कार्लिस झाले (हे आडनाव), वर्ष 1935. सोव्हिएत काळात या स्मारकापाशी फूल ठेवलं तरी पोलीस मागे लागत. 14 जून 1987 ला काही लोकांनी उघडपणे फुलं वाहिली. आणि 23 ऑगस्ट 1989 ला टॅलिनपासून रीगामार्गे विल्निअसपर्यंत सुमारे वीस लाख माणसं सहाशेहून जास्त किलोमीटर हात धरून उभी राहिली. तुम्ही ज्या रस्त्याने बसमध्ये झोपून जाणार होतात, साधारण त्याच वाटेवर. आज त्या स्मारकाखाली ताजी फुलं असतात. तिथे दहा मिनिटं नुसती उभी राहा.

दुपारी अल्बेर्ता रस्ता. पॅरिसची आठवण काढणाऱ्या मैत्रिणीला इथला फोटो पाठव. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेल्या आर्ट नूवो शैलीतल्या इमारती, दर्शनी भागावर सिंह, मुखवटे, ओरडणारे चेहरे, मोर. रीगाच्या मध्यभागातल्या सुमारे एक तृतीयांश इमारती या शैलीतल्या आहेत. इथल्या बऱ्याच इमारती मिखाईल आयझेनश्टाइन यांच्या, म्हणजे चित्रपट दिग्दर्शक सर्गेई आयझेनश्टाइन यांच्या वडिलांच्या. मान वर करून चालायला पैसे लागत नाहीत.

रीगात एक जागा मला सगळ्यात जवळची आहे आणि बहुतेक घाईचे प्रवासी ती टाळतात. दौगावा नदीच्या पलीकडे राष्ट्रीय ग्रंथालय आहे, काचेच्या डोंगरासारखं, 2014 मध्ये उघडलेलं. जुन्या इमारतीतून पुस्तकं आणताना त्या वर्षी जानेवारीत सुमारे 14 हजार माणसांनी थंडीत रांग धरून काही पुस्तकं हातोहात पलीकडे पोहोचवली. तिथे एक लाकडी कपाट आहे. लोकगीतं गोळा करणाऱ्या क्रिशयानिस बारोन्स यांनी ते 1880 मध्ये करवून घेतलं. सत्तरहून अधिक खण, खणांत छोटे कप्पे, आणि कप्प्यांत बोटभर लांबीच्या कागदाच्या चिठ्ठ्या. प्रत्येक चिठ्ठीवर एक दाइना, म्हणजे लॅटव्हियन लोकगीत. दाइना बहुतेक चार ओळींच्या. लग्नाच्या, गुरं राखण्याच्या, अनाथ मुलीच्या, सूर्याच्या, आणि दळणाच्याही. हो, जात्यावर दळताना म्हणायच्या. खेड्यापाड्यांतून लोकांनी त्या लिहून पाठवल्या आणि बारोन्स यांनी आयुष्यभर त्या लावल्या. हे कपाट युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदीत 2001 पासून आहे.

आपल्याकडे हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांमधून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. ज्या बायकांनी त्या सांगितल्या त्यांच्यातल्या कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या कपाटापुढे उभं राहिलं की आपली आजी, मावशी, शेजारची काकू सगळ्या आठवतात. या लहानशा देशाने आपल्या बायाबापड्यांची गाणी कपाटात नीट लावली, 1873 पासून गाण्याचा राष्ट्रीय महोत्सव भरवला आणि स्वातंत्र्याची चळवळही गातच लढवली. हे बघायला एक शांत दुपार लागते, संध्याकाळची बस धरायची असेल तर जमत नाही. ग्रंथालयाच्या वेळा आधी बघून घे. वरच्या मजल्यावरून नदीपलीकडचं जुनं शहर पूर्ण दिसतं, त्यामुळे चर्चच्या मनोऱ्यावर चढायचे पैसेही वाचतात.

शनिवारी हवा बरी असेल तर लोकलने युर्मालाला जा, मायोरी स्टेशनला उतर. पांढऱ्या वाळूचा मैलोन् मैल किनारा, मागे पाइनची झाडं. मार्चमध्ये तिथे चिटपाखरू नसतं आणि वारा बोचरा असतो, पण तिकीट दोन-तीन युरोंचं आहे आणि समुद्र फुकट. हवा वाईट असेल तर झानिस लिप्के यांचं स्मारक बघ. नाझी काळात या गोदीकामगाराने बायकोच्या मदतीने पन्नासहून अधिक ज्यूंचा जीव वाचवला, काहींना स्वतःच्या लाकडाच्या शेडखाली खणलेल्या खड्ड्यात लपवून. स्मारक त्यांच्या घराशेजारीच, किप्साला बेटावर आहे. रविवारसाठी काहीच ठरवू नकोस.

खाण्याची तुझी काळजी मी समजू शकते. इथलं नावाजलेलं जेवण म्हणजे करड्या वाटाण्यांत डुकराची चरबी, त्यामुळे "वाटाणे आहेत ना" म्हणून मागवू नकोस. सूपमध्येही बऱ्याचदा मांसाचं पाणी असतं, विचारून घे. पण बटाट्याची धिरडी आणि त्यांवर आंबट साय, बीटचं सॅलड, मश्रूम, काळा पाव, मध, केफिर (ताकासारखं आंबवलेलं दूध) हे सगळं चालण्यासारखं आणि स्वस्त आहे. जर्मनीतलं क्वार्क (चक्क्यासारखं मऊ ताजं चीज) तुला माहीत आहे, तेच इथे जरा कोरडं मिळतं. लीडो नावाची सेल्फ-सर्व्हिस जेवणघरं आहेत, तिथे ताटात काय पडतंय ते डोळ्यांनी बघून घेता येतं. सुपरमार्केटमध्ये शिजवलेल्या पदार्थांचा काउंटर असतो, वजनावर देतात, दुपारचं जेवण चार-पाच युरोंत होतं. तिथेच चॉकलेटच्या थराखाली गोड क्वार्क भरलेली छोटी वडी मिळते, ती चुकवू नकोस. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, बाटली घेऊन जा.

खर्चाचा अंदाज असा: विमान 45, मुलींच्या डॉर्ममधली खाट तीन रात्री मिळून 60, शहरातल्या बस आणि लोकल मिळून 15, खाणं 50, संग्रहालयं 15. झाले 185. सिटी बसचं तिकीट साधारण दीड युरोचं असतं आणि नव्वद मिनिटं चालतं, फोनवर काढता येतं. विद्यार्थी कार्ड सोबत ठेव, सवलत मिळते. सोमवारी बरीच संग्रहालयं बंद असतात, तुझा प्रश्न नाही, इतरांसाठी लिहिते.

पण विमानाचे 45 हे खरोखर 45 आहेत ना, ते बघ. स्वस्त कंपन्या सीटखाली मावेल एवढीच बॅग फुकट नेऊ देतात, मोठी निघाली तर दारातच दंड घेतात. ऑनलाइन चेक-इन राहून गेलं तर विमानतळावर त्याचे तिकिटाहून जास्त पैसे जातात. काही कंपन्यांत युरोपबाहेरच्या पासपोर्टधारकांना आधी काउंटरवर कागदपत्रं दाखवावी लागतात, त्यासाठी तासभर जास्त ठेव. आणि "फ्रँकफर्ट" म्हणून विकलेलं विमान शंभरेक किलोमीटरवरच्या हान विमानतळावरून तर सुटत नाही ना, ते तपास. सेमिस्टर तिकिटावर (विद्यार्थ्यांच्या प्रवास पासावर) पोहोचता येईल असाच विमानतळ निवड.

कागदपत्रांबाबत ढिलाई नको. लॅटव्हिया शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, चलन युरो, तुझ्या जर्मन निवास परवान्यावर वेगळ्या व्हिसाशिवाय जाता येतं. पण पासपोर्ट आणि परवान्याचं कार्ड दोन्ही मूळ प्रती जवळ हव्यात, फोनमधला फोटो चालत नाही. परवाना नूतनीकरणाला दिलेला असेल आणि हातात फक्त तात्पुरता कागद असेल, तर तिकीट काढण्याआधी तुमच्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात विचार, आणि स्पष्ट "हो" मिळाल्याशिवाय निघू नकोस. सरकारी आरोग्य विमा असेल तर कार्डाच्या मागची बाजू लॅटव्हियातही चालते. खासगी विमा असेल तर त्यांना मेल टाक. घड्याळ जर्मनीपेक्षा एक तास पुढे आहे, आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी पहाटे दोन्हीकडची घड्याळं एक तास पुढे सरकतात. परतीचं विमान त्याच दिवशी असेल तर लक्षात ठेव. त्या दिवसांत बर्फ वितळून रस्त्यांवर चिखल होतो, पाणी शिरणार नाही असे बूट घाल.

मित्रांना काय सांगायचं? सरळ सांग की तू रीगातच थांबणार आहेस. शुक्रवारी रात्री ते रीगात येतीलच. शनिवारी त्यांच्याबरोबर फिर, संध्याकाळी ते टॅलिनला गेले तरी तू थांब. त्यांच्यातला एखादा तुझ्याबरोबर थांबेलही, बसचं वेळापत्रक सगळ्यांनाच जड जात असतं, फक्त कुणी बोलत नाही. एकटं राहण्याची भीती वाटत असेल तर मध्यभागातलं, रात्री रिसेप्शन उघडं असलेलं हॉस्टेल घे. थोडे जास्त पैसे गेले तरी तिथे काटकसर करू नकोस. दिवसा शहर निवांत आहे. जुन्या शहरात शनिवार-रविवारी रात्री दारू पिऊन हुल्लड करणारे पर्यटक असतात, त्या वेळी तिथून न जाता बाहेरच्या हमरस्त्याने परत ये. मुलग्यांसाठी वेगळी सूचना: रस्त्यात अनोळखी मुलींनी गोड बोलून एखाद्या बारमध्ये चला म्हटलं तर जाऊ नका. बिल शेकड्यांत येतं आणि दारात धटिंगण उभे असतात.

अशाच बेतात असलेल्या इतरांसाठी थोडंसं. जे आई-वडिलांना जर्मनीत बोलावून घेतात आणि त्यांना चार दिवस कुठेतरी न्यावं म्हणतात, त्यांनी हीच सहल मे-जूनमध्ये करावी. तेव्हा रात्री दहापर्यंत उजेड असतो, युर्मालाच्या किनाऱ्यावर म्हाताऱ्या माणसांना बसता येतं, आणि डॉर्मऐवजी स्वयंपाकघर असलेलं छोटं घर घेतलं की वरण-भाताचीही सोय होते. आई-वडिलांचा शेंगेन व्हिसा तिथे चालतो, फक्त त्यावरचे दिवस आणि किती वेळा प्रवेश आहे ते वाचून घ्या. डिसेंबर-जानेवारीत मात्र त्यांना नेऊ नका, सूर्य नऊच्या सुमारास उगवतो आणि चारच्या सुमारास मावळतो. आणि केवळ बाल्टिकसाठी थेट भारतातून येणार असाल तर ही सहल "स्वस्त" राहत नाही. व्हिसाचेच 90 युरो आणि वर विमान. अशांनी तिन्ही देशांना मिळून निदान दहा दिवस काढावेत, तेव्हा त्या बसप्रवासांना अर्थ आहे.